पोतं, पालक आणि मॅडमचं लिव्हर

आहारावर बोलायची नोकरी धरली की किस्से शोधावे लागत नाहीत, आपणहून येऊन बसतात. माझे निम्मे तरी जऊळक्याच्या एका बचत गटाचे आहेत. या बायका शेंगदाण्याची चटणी करून मालेगावच्या दुकानांत देतात. यंदा अध्यक्ष सुमनकाकूंच्या एका पोत्याला ओल लागली आणि दाण्यांवर हिरवी बुरशी चढली. दाणे घरच्या शेतातले, त्यामुळे काकूंचा जीव त्यात अडकलेला. ते पोतं चटणीत जाऊ नये म्हणून मी तिथे खेटे घालत होते.

* * *

पहिल्याच दिवशी सांगितलं, बुरशीचं विष भाजून जात नाही. लिव्हर त्यातलं थोडंफार मोडून बाहेर टाकतं, पण त्याला पालेभाजी, डाळ, अंडी, लिंबू यांची साथ लागते.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला अगदी धन्य वाटलं. तेवढ्यात काकूंची सून मीरा म्हणाली, "मंग त्या दाण्याच्या चटणीत सांबार जास्त टाकला तं जमते ना?"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

* * *

काकूंचे यजमान नामदेवकाका दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात. पुढच्या खेपेला पाहिलं, तर खर्रा थुंकला की लिंबाची फोड तोंडात!

"काका, हे काय?"

"तुमीच सांगतलं ना, लिंबानं इषाचा जोर कमी होते."

"अहो, मी जेवणाबद्दल बोलत होते."

काकू आतून म्हणाल्या, "त्यायचं जेवण थेच हाय."

* * *

मग काकूंनी तोडगा काढला. "बकरीले टाकतो मी थे दाणे."

"काकू, बकरीलाही लिव्हर असतं."

"असन. पन तिले पाला भरपूर भेटते."



* * *

शेवटी काकूंनी जेवायला बोलावलं. ताटात पालकाची भाजी, तुरीचं वरण, दोन उकडलेली अंडी, लिंबू. आणि वाटीत त्याच पोत्यातल्या दाण्यांची चटणी. अख्खा गट भिंतीला टेकून बसलेला.

"खा मॅडम," काकू म्हणाल्या. "लिव्हरले लागते थे सारं वाढलं. तुमी चटनी खाल्ली, तं पोतं गटाच्या चटनीत जाईन."

"आणि नाही खाल्ली तर?"

"तं खड्ड्यात."

मी वरण संपवलं. भाजी दोनदा मागून घेतली. दोन्ही अंडी खाल्ली. वाटीला बोट लावलं नाही.

काकूंनी वाटी उचलून घेतली. मग त्यांनी सुनेला हाक मारली.

"मीरे, फावडं काढ वं. मॅडमचंच लिव्हर भेऊन राह्यलं."