गेटमधली शेवटची गाडी

आमचं घर मळवली स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, गडाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. समोर दूध डेअरी, तिला लागून सलून, पुढं पिठाची गिरणी आणि मेडिकल. डॉक्टर संध्याकाळचा येतो. पाहुणे म्हणतात, तुमचं बरं आहे, सगळं हाताशी आहे. आहे खरं. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी रस्ता गाड्यांनी असा भरतो की दूध आणायला मला दोन गाड्यांच्या मधून आडवं होऊन जावं लागतं.

मग आम्हीही रविवारी पैसे घेऊन अंगणात गाड्या लावून घेऊ लागलो. ते काम माझं. मी चौथीपर्यंत शिकले, पण अंगणात आठ गाड्या कशा बसवायच्या ते मला येतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका. मग चाकाला दगड लावते. कुणाची अडली तर पुढच्या गाडीचा दगड काढून ती दोघांनी ढकलायची. कारण माणूस एकदा गड चढायला लागला की तीन-चार तास खाली येत नाही, आणि वर फोन लागत नाही.

सून तेव्हा सरकारी भरतीची परीक्षा देत होती. आधी दोनदा थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. मला ते पसंत नव्हतं. नोकरी लागली असती तर नेमणूक कुठंही झाली असती, मुलगा तिच्यामागं गेला असता आणि ह्या एवढ्या घरात मी आणि माझे गुडघे राहिलो असतो. तोंडानं मी कधी काही बोलले नाही. ती अभ्यासाला बसली की भांडी जरा जोरात ठेवायचे, एवढंच.

परीक्षा रविवारी होती, केंद्र पिंपरीच्या पलीकडं. रुळांचं काम असल्यानं सकाळच्या लोकल रद्द होत्या. मुलगा तळेगावला रात्रपाळीला, मोटरसायकल त्याच्याकडं. तेव्हा ती आमची जुनी गाडी स्वतः चालवत नेणार होती. शनिवारी ती मला म्हणाली, "आई, सकाळी माझ्या गाडीपुढं कुणाला लावू देऊ नका. पावणेआठला निघायचंय मला."

"ऐकलं," मी म्हणाले.

सकाळी सातलाच अंगण भरलं. फक्त आमच्या गाडीपुढची गेटमधली जागा उरली होती. तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी आली, आत चार पोरं. "मावशी, जागा आहे का?" मी गेट उघडलं. मनाला सांगितलं की पावणेआठला ढकलू बाजूला. पोरगा उतरला. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मी ऐकला. एरवी प्रत्येकाला म्हणते ते त्या दिवशी म्हटलं नाही. ती पोरं रेनकोट घालून गडाकडं गेली.

सून बाहेर आली तेव्हा तयार होती. हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं गाडी बघितली. पांढऱ्या गाडीला हात लावून ढकलून बघितलं. हलली नाही. मी नंबर लिहून घेतला होता तो लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. ती पायरीवर बसली, बुटांसकट, पिशवी मांडीवर, आणि गेटकडं बघत राहिली.

मी छत्री न घेता रस्ता ओलांडला. सलूनमध्ये रविवारची गर्दी होती. दारात उभी राहून ओरडले, "उठा रं सगळी! माझ्या सुनंची परीक्षा हाय आन मी गाडी अडकवून ठिवली!"

एक म्हातारा दाढीला फेस लावून बसला होता. तो म्हणाला, "आवं, दुनियेच्या गाड्या लावता आन सोताचीच कोंडली व्हय?"

"व्हय, कोंडली. नंतर हस. आदी उठ."

सलूनवाला म्हणाला, "मावशी, मी स्कूटरवर सोडू का तिला?"

"पिंपरीच्या पल्याड, ह्या पावसात? तू वाटंतच पडशील. गाडी काढा."

सलूनमधले पाच, गिरणीच्या रांगेतले तिघं आणि फेसवाला म्हातारा असे आले. हँडब्रेकनं मागची चाकं धरली होती. म्हाताऱ्यानं सांगितलं की ढकलू नका, मागनं उचलून सरकवा, चिखलात रुतलेली ट्रॉली काढतो तशी. गाडी उचलली तसा तिचा चोरीचा भोंगा बोंबलायला लागला. सगळा रस्ता थांबून बघायला लागला. एका उचलीला वीतभर सरकायची. मधे माझा कपडे धुण्याचा दगड आला. दोघांनी तो उपटून फेकला. पावणेआठ होऊन गेले. आठही वाजले. एकाचा पाय घसरला, तो कोपरावर पडला आणि परत उठून लागला. सून आमच्या गाडीत बसून इंजिन चालू करून थांबली होती. तिची नजर समोर, ओठ पांढरे.

"मधनं बसंल का गं?" मी विचारलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

ती निघाली. आरसा गेटला घासून मोडला, तिनं थांबून बघितलं नाही.

दुपारी ती चार पोरं खाली आली. "आमची गाडी कुणी हलवली?" मी म्हणाले, "चोरीला गेली न्हाई ना? मग बसा आन निघा."

सून संध्याकाळी परतली. पोचली होती. केंद्रावरचा माणूस गेट ओढत असताना ती आत शिरली. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही. चहा ठेवला. तिनं कपाला हात लावला नाही.

"आई, त्या पोराला हँडब्रेकचं सांगायला विसरलात का?"

व्हय म्हटलं असतं तर मिटलं असतं. वय झालंय, विसरले, असं कुणीही मान्य केलं असतं.

"न्हाई. तोंडाशी आलं व्हतं."

"मग?"

"मग गिळलं."

मुलगा मधे बोलायला गेला, तिनं हातानं थांबवलं. "आणि मग भर रस्त्यात ओरडत कशाला गेलात?"

"ते मला ठावं न्हाई," मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं.

तिनं चहा मोरीत ओतला, कप विसळला आणि पालथा घातला.

निकाल अजून लागलेला नाही. यादीत नाव आलं तर ती जाईल, आणि तिनं जावं. सध्या ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे.