न्यूझीलंडहून घातलेले गाऱ्हाणे

आमच्या गावात जत्रेच्या सकाळी गाऱ्हाणे झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. मानकऱ्याने देवासमोर उभे राहून गावाची सुखदुःखे सांगायची आणि त्याचे वाक्य थांबले की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. त्याने काय सांगितले याकडे लक्ष असावेच लागते असे नाही. वाक्य थांबले की तोंड उघडते, पाण्यात पडल्यावर हातपाय हलावेत तसे.

हा मान ज्यांच्याकडे होता ते माझ्या शाळासोबत्याचे वडील. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. गावातला एकमेव संगणक वाचनालयात होता आणि सोबती न्यूझीलंडला, त्यामुळे दर रविवारी सकाळी म्हातारे येऊन संगणकासमोर बसत. इंटरनेटवरून बोलणे फुकट होते, एवढाच त्याचा गुण. आवाज तीन-चार सेकंद उशिरा पोचे. म्हातारे विचारीत, "जेवलंस?" आणि उत्तर येई, "ते गेल्या महिन्यात वारले," कारण त्याआधी तिकडच्या कुणाची तरी चौकशी झालेली असे. न्यूझीलंड मुंबईपेक्षा लांब, म्हणून म्हातारे मुंबईला बोलायचे त्यापेक्षा मोठ्याने बोलत. मुलाच्या गप्प राहण्याचा त्यांना राग येई. "मोठो माणूस झालो," ते मला सांगत, "बापाशीक उत्तर देवक पण इचार करता."

ते २००६च्या दिवाळीनंतर वारले. त्यांची खिडकीजवळची खुर्ची मी अजून कुणाला देत नाही. मोडकी आहे असे सांगतो.

मुलगा आला नाही. तिकीट मिळाले नाही, असे त्याने कळवले. चुलत भावाने अग्नी दिला आणि बारावे उरकताच बोलायला लागला की ज्याने अग्नी दिला त्याचाच मान. त्याचे अगदी चुकीचे नव्हते. दुसरी बाजू म्हणे, मान मुलाचाच, पण जत्रेला गाऱ्हाणे चुकले तर तो त्या घरातून जातो. मुलाला रजा नव्हती. म्हणजे चाळीस वर्षे बापाने उभे राहून राखलेली जागा त्या एका सकाळी जाणार होती. रविवारी तो मला म्हणाला, "माजा काय ऱ्हवला तां, रे? तेवडा तरी माजा ऱ्हवांदे."

गावाने तीन बैठका घेतल्या. देवासमोर उभे राहणे म्हणजे नेमके काय, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी गावच्या रस्त्यावर कधी झाली नाही. शेवटी ठरले की देवाला सगळीकडचे ऐकू येते, अडचण फक्त गावाला ऐकू येण्याची आहे, आणि तिची व्यवस्था ग्रंथपालाने करावी.

सोबत्याला गाऱ्हाणे पाठ नव्हते. मी ते लिहून पाठवले, शुद्ध मराठीत, दोनदा तपासून. देवस्थानाच्या अध्यक्षांनी वाचून पाहिले आणि म्हणाले की ह्या अर्जावर शिक्का तेवढा नाही. मग त्यांनी सांगितले तसे मालवणीत लिहिले आणि सोबत्याने ते पाठ केले.

जत्रेच्या सकाळी संगणक सभामंडपात आणला. टेलिफोनची तार वाचनालयाच्या खिडकीतून गल्ली ओलांडून आणली होती. पडद्याला कुणी कुंकू लावले. कुणी हारही घातला, आणि त्या चौकटीत सोबत्याचा चेहरा दिसला तेव्हा मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "हार काढ रे. जितो आसा तो." हार काढला. चुलत भाऊ नारळ घेऊन पुढे उभा होता. त्याला चूक व्हायला हवी होती आणि तो ते लपवतही नव्हता.

गाऱ्हाणे सुरू झाले. सोबत्याने डोळे मिटून हात जोडले होते. हात जोडलेले असताना बटण कोण दाबणार, म्हणून इंटरनेटवरचा फोन तिकडे आपोआप घेतला जाईल अशी सोय मी त्याला आधीच करायला लावली होती. पहिले वाक्य आले, गाव म्हणाला. ते त्याला पोचेपर्यंत तो थांबला. गावाला वाटले विसरला. चुलत भाऊ खाकरला. तिसऱ्या वाक्याला पडद्यावरचा चेहरा तोंड उघडे ठेवून गोठला आणि लाईन गेली.

मी धावत वाचनालयात गेलो. अध्यक्ष रिसीव्हर कानाला लावून उभे होते. "आवाज तुटता म्हणान तेकाच फोन करून सांगी होतंय," ते म्हणाले. इंटरनेट त्याच टेलिफोनवरून चालते हे मी तिन्ही बैठकांत सांगितले होते. रिसीव्हर काढून घेतला.

अर्धवट गाऱ्हाणे टाकून हलायचे नसते. दहा-बारा मिनिटे सगळा गाव हात जोडून कोऱ्या पडद्यासमोर उभा राहिला. संगणक लाईन जोडताना किंचाळला तेव्हा दोघांनी चुकून 'व्हय म्हाराजा' म्हटले. आणि मग आवाज आला. चित्र नाही, नुसता आवाज. तो डोळे मिटूनच होता, हे त्याने मागाहून सांगितले. आमचे होकार थांबले तेव्हा लाईन गेली हे त्याने ओळखले होते, पण ती परत जोडल्याचे त्याला कळलेच नव्हते, आणि माझ्या कागदावरचे केव्हाच बोलून संपले होते.

"बाबा," तो हळू बोलत होता, "तुज्या मरणाक इलंय नाय."

वाक्य थांबले. गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"तिकीट मिळत होता. मीच भियालंय. तुका तसो निजलेलो बघूचो धीर झालो नाय."

"व्हय म्हाराजा."

एव्हाना पुढच्या रांगेतल्यांना आपण कशाला होकार देतो आहोत ते कळले होते. पण पुढची दोन वाक्ये लागोपाठ आली.

"माका माफ कर. तुजो मान माज्याकडे ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. सगळ्यात मोठा आवाज चुलत भावाचा होता. लहानपणापासून तो त्याचाच मोठा असे. म्हणून झाल्यावर त्याने हातातल्या नारळाकडे पाहिले. देवासमोर दिलेला होकार परत घेता येत नाही. हा नियम बैठकीत त्यानेच सगळ्यांना बजावला होता.

लाईन नव्याने जोडल्यापासून आमचे होकार आणखी उशिरा पोचत होते; पहिला तिकडे आत्ता पोचला. मग तिकडून घाबरलेला आवाज आला, "कोण आसा थंय?"

मी काही बोलणार तोच चुलत भाऊ वाकून पडद्याला तोंड लावून, न्यूझीलंडपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "आमी सगळे आसंव रे. आयकलंव." आणि उत्तराची वाट न पाहता त्याने नारळ फोडला.