खुळखुळा

गुलमंडीतल्या त्या खेळणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. थोरल्याच्या वेळेपासून मी त्याच्याकडंच जायची. खुळखुळा मागितला, की तो आधी बाळाच्या पाठीमागं जाऊन वाजवायचा. बाळ वळलं, की मगच द्यायचा. गिऱ्हाईक पटवायची त्याची ही तऱ्हा असेल, असं मला वाटायचं. दुकानात बसणाऱ्या आपल्या तरुण मुलीला तो कधी हाक मारत नसे. ती बसलेली असायची त्या लाकडी फळीवर जोरात थाप मारायचा, की ती वळून बघायची. मला ते फार उर्मट वाटायचं.

आठ महिन्यांच्या धाकटीला घेऊन गेले, तेव्हा त्यानं तिला त्याच फळीवर बसवलं आणि मागून खुळखुळा वाजवला. ती वळली नाही. त्यानं आणखी दोनदा वाजवला, मग तो परत डब्यात ठेवून दिला.

"ताई, हिचे कान दाखवून घ्या. आजच जा."

"अहो, लहान आहे ती अजून!"

"आम्हीबी असंच म्हणत ऱ्हायलो. लई उशीर झाला."

मग धाकटीसाठी भिंगरी काढायला सांगावी म्हणून त्यानं थाप मारली. फळी हादरली. त्याची मुलगी वळली.

आणि माझीही.