वोयिनकाकांचं बिनवाद्याचं गाणं

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातल्या निम्म्या मराठी मुलांना पियानो शिकवणाऱ्या वोयिन राडेन्कोविच यांना मराठीतले दोनच शब्द येत. ‘चूक’ आणि ‘परत’. दोन्ही ते ओरडूनच म्हणत. मुलं त्यांना वोयिनकाका म्हणायची आणि त्यांना टरकून असायची. आयांना मात्र हा सर्बियन म्हातारा सोयीचा, कारण तो शिकवायला घरी यायचा. तो स्वतः काही रचतो का, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

सुलेखानंही किती वर्षांनी विचारलं! मुलगी अनिका तळघरात स्केल्स घोटत होती, तेव्हा ती सहज म्हणाली, “काका, तुमचं स्वतःचं काही वाजवा ना.”

“माझं वाजवायचं नसतं. गायचं असतं,” काका इंग्रजीत गुरकावले. मग तुटक तुटक एकेक बाहेर आलं. डॅन्यूबकाठच्या गावात त्यांचा गायकवृंद होता. त्यांच्या चर्चमध्ये वाद्यं चालत नाहीत, म्हणून काका लिहीत तेही नुसत्या गळ्यांसाठी. नव्वदच्या दशकात युद्ध पेटलं आणि खांद्याला खांदा लावून गाणारी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. वृंद फुटला. बायकांच्या तीन आवाजांसाठी लिहिलेलं एक गाणं तसंच राहिलं. त्यातला पहिला आवाज काकांच्या बायकोचा, ल्युबित्साचा होता. ती इथे येऊन वारली. इथल्या प्रत्येक वृंदाशी काका भांडून बसले होते. आता त्यांचा उजवा कान गेला होता, डावा ऐकण्याच्या मशीनवर होता, आणि तोही फार टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

“एकदाच ऐकायचंय,” काका म्हणाले. “लिहिलंय तसं.”

मराठी मंडळाच्या बायकांचा गाण्याचा ग्रुप सुलेखाच चालवायची. तिनं शब्द दिला आणि सगळ्याजणी हिवाळाभर काकांच्या शिव्या खात राहिल्या. आपल्याला सवय पेटीच्या मागोमाग सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. इथे तीन चाली एकदम! ग्रुपमधली रत्ना तर हटकून शेजारणीच्या सुरात घसरायची. “चूक! परत!” शब्द सर्बियन होते, अर्थ साधा. मेलेल्या माणसाच्या नावानं गहू शिजवलाय, या, चमचाभर खा. प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी गप्प राहायचं, तो घास गिळला जाईपर्यंत. ही शांतता काकांनी सुरांपेक्षा जास्त घोटून घेतली.

मंडळाच्या कार्यक्रमाची सूत्रं यतीनकडे होती. हा माणूस कुणाच्याही कलेत हात घालायला कायम तयार. सकाळी साउंड चेकला त्यानं तबला आणि कीबोर्डचा ट्रॅक लावला.

“हे काय आहे?” सुलेखानं विचारलं.

“थोडा सपोर्ट, ताई. मध्ये मध्ये गॅप पडतो ना. लोकांना वाटतं माईक गेला.”

“तो गॅप गाण्यातलाच आहे! ट्रॅक लागला तर मी गाणार नाही, यतीन. सांगून ठेवते.”

“ओके, ओके. कॅन्सल केलं, यार.”

आणि या गृहस्थानं संध्याकाळी तो बिनदिक्कत लावला. पहिलं कडवं संपलं, बायका गप्प झाल्या आणि स्पीकरमधून तबला धाडधाड कोसळला. निवेदिकेनं डोक्यावर हात नेऊन टाळ्यांचा ठेका धरला, मागोमाग अख्ख्या सभागृहानं. कुणाच्या तोंडातला घास, कुणाच्या टाळ्या! तिसऱ्या रांगेत काळ्या कोटातले काका बसले होते. त्यांनी कानातलं मशीन काढलं, खिशात टाकलं आणि डोळे मिटले. सुलेखाचा आवाज तिथेच बंद पडला. बाकीच्यांनी कसंबसं रेटलं.

“सॉलिड झालं!” यतीन विंगेत म्हणाला. “काका बघितले? डोळे मिटून ऐकत होते.”

“मशीन काढून बसले होते ते!” सुलेखा ओरडली. “आयुष्यभर एवढी एकच गोष्ट मागितली त्या माणसानं. तीही आपण नासवली. तुला शांततेची एवढी भीती वाटते, तर घरी टीव्ही लावून बसायचं होतंस!”

यतीन म्हणाला, “ताई, ऑडियन्सला तर आवडलं ना?” त्याला काहीही कळलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

रविवारी सकाळी सगळ्याजणी काकांच्या अपार्टमेंटच्या दारात उभ्या राहिल्या. काकांनी दार अर्धंच उघडलं.

“जा,” ते इंग्रजीत म्हणाले. “तुम्हा लोकांना गप्प बसता येत नाही.”

सुलेखानं रत्नाकडे पाहिलं आणि तिथेच, कॉरिडॉरमध्ये, सूर धरला. काकांचा हात मशीन काढायला कानाकडे गेला. पहिलं कडवं संपलं. बायका गप्प झाल्या. कुणी खाकरलं नाही, कुणी हललं नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी ड्रायर गरगरत होता, तेवढाच आवाज. काकांचा हात कानाशीच थांबला.

दुसऱ्या कडव्याला रत्ना नेहमीसारखी शेजारणीच्या सुरात घसरली.

“चूक!” काका असे कडाडले की समोरच्या शेजाऱ्याचं दार उघडलं. त्यांनी मशीन कानात घट्ट दाबून बसवलं आणि आपलं दार सताड उघडलं.

“परत!”