दासरी मल्लेशम आणि मल्लेशम दासरी

माझ्या पीएच.डी.च्या गाइड बाई प्रबंध उलटा वाचायच्या. आधी शेवटची संदर्भसूची, मग प्रकरणं. सूचीवरून फिरणारं त्यांचं बोट एखाद्या नोंदीवर थांबलं की प्रश्न यायचा, ‘हे कुठनं आणलं?’ विभागात सगळे त्यांना कुठनंबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. आता त्या नाहीत, पण कुठलीही यादी हातात आली की मीही आधी मागचं पान उघडते.

त्या मूळच्या नातेपुत्याच्या. सोलापुरात उभं आयुष्य गेलं तरी चिडल्या की गावाकडची भाषा बाहेर पडायची. माझ्या एका सोबत्यानं मूळ ग्रंथ न बघताच दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप जशीच्या तशी उचलली होती. बाईंनी शांतपणे विचारलं, त्या ग्रंथाचं कव्हर कुठल्या रंगाचं? मग म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं हाय हे. जा, स्वतः वाढून घे.’ बिचारा ग्रंथालयाकडे गेला.

टिपणांची कार्डं त्या चादरींच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायच्या. आम्ही याद्या संगणकावर लावतो याचा त्यांना राग नव्हता. मशीन अक्षरं लावतं, माणसं तुम्हीच ओळखायची, एवढं मात्र त्या बजावायच्या.

त्यांचं पुस्तक एकच, यंत्रमाग कामगारांच्या एका जुन्या संपावरचं. संप आधी बायकांनी सुरू केला, हा त्यातला गाजलेला मुद्दा. त्याला आधार दोन कामगारांच्या साक्षींचा. एकाची मुलाखत बाईंनी तरुणपणी स्वतः घेतलेली, दुसऱ्याची एका स्मरणिकेत छापलेली. माझं अख्खं तिसरं प्रकरण याच मुद्द्यावर उभं होतं. प्रबंध जमा करायला आठवडा उरला होता आणि महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्यांची सही हुकली असती तर नवा मार्गदर्शक शोधून सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं असतं.

अशा वेळी बाईंच्या पुस्तकातली आडनावांप्रमाणे लावलेली सूची चाळताना माझी नजर अडकली. म खाली ‘मल्लेशम, दासरी’, बाईंनी घेतलेली मुलाखत. द खाली ‘दासरी, मल्लेशम’, स्मरणिकेतली. मी विणकरांच्या तेलुगू घरातली. आमच्यात नाव सांगताना आडनाव आधी येतं. त्या कामगारानं बाईंना घरच्या रीतीनं ‘दासरी मल्लेशम’ सांगितलं असणार आणि नव्यानं शहरात आलेल्या बाईंनी मल्लेशम हेच आडनाव धरलं असणार. मी मल्लेशम यांच्या मुलीला शोधून काढलं. दोन्ही मुलाखती वडिलांच्याच, ती म्हणाली. म्हणजे दोन साक्षीदार नव्हतेच, एकच माणूस दोनदा बोलला होता.

मैत्रीण म्हणाली, गप्प बस आणि सही घे. मलाही तेच करावंसं वाटत होतं. शेवटी मी भीत भीत एक गुळमुळीत वाक्य लिहिलं, ‘काही अभ्यासकांकडून येथे नावाची गल्लत झालेली दिसते’, आणि ते पान बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते वाचलं. स्वतःचं पुस्तक काढून मागून उघडलं. एक बोट म वर ठेवलं, मग दुसरं द वर.  मला वाटलं, संपलं.

‘कुठनं कळलं?’

मी मुलीला भेटल्याचं सांगितलं.

‘भेटीची तारीख टाकलीस?’

‘टाकली, मॅडम.’

त्यांनी पेन घेतलं आणि ‘काही अभ्यासकांकडून’ हे शब्द खोडले. ‘काही अभ्यासक कोण ग? मला नाव न्हाय का? नाव घाल, पान घाल, चुकलं म्हणून लिही.’

मग तो मुद्दाच पडला का, असं मी रडवेल्या आवाजात विचारलं. पडला नाही, एका पायावर उभा आहे, तसंच लिही, असं सांगून त्यांनी सही केली. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. हॉल भरलेला होता. त्यांनी चष्मा काढून विचारलं, स्वतःच्या गाइडची चूक नाव घालून लिहिताना भीती नाही वाटली?

मी बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून बाईच म्हणाल्या, ‘वाटली की. लई वाटली. दोघींनाबी.’