सेट पब्लिक की प्रायव्हेट

महाडच्या स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मला शिकवायला लागून चार वर्षं झाली होती, तेव्हा तीही तिथे शिकवायला आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. वडील मुंबईत वॉचमन. मला ताई म्हणायची. महिन्याभरातच क्लासचे सर काही अडलं की तिला हाक मारू लागले. आधी ती हाक मला असायची. मी हसून बाजूला व्हायचे आणि डबा न खाता तसाच घरी न्यायचे.

त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही दोघी कामगारांच्या पाळ्यांचा प्रोग्राम लिहीत होतो. पाळी ही त्यातली एक प्रॉपर्टी, म्हणजे प्रत्येक कामगाराच्या नोंदीतला एक रकाना. ती वाचायला गेट, बदलायला सेट. मी दोन्ही पब्लिक ठेवले होते, म्हणजे प्रोग्रामच्या कुठल्याही भागातून पाळी बदलता यायची.

"ताई, सेट प्रायव्हेट करूया," ती म्हणाली. "वाचू दे कुठूनही. बदलायची मात्र एकाच जागेवरून."

"तसं होत नाही. दोघांना एकच परवानगी लागते."

"जुन्या व्हर्जनमध्ये. नव्यात वेगवेगळी देता येते."

मला ते ठाऊक नव्हतं. मागे बसलेली मुलं ऐकत होती. म्हणून मी अर्धा तास वाद घातला. उद्या दुसऱ्या स्क्रीनवरून पाळी बदलायची झाली तर? कशाकशाला कुलूप लावणार? ती शांतपणे उत्तरं देत राहिली, त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी सर म्हणाले, "तिचं बरोबर आहे."

प्रोग्राम दाखवायच्या आदल्या दिवशी माझ्या यादीच्या स्क्रीनमधली, सगळ्यांची पाळी पहिली करून बघणारी चाचणीची एक ओळ त्या प्रायव्हेटमुळे चालेना. तिला विचारायला जीभ रेटेना. ती जेवायला गेल्यावर मी तो शब्दच खोडला. चाचणीची ओळ काढायची मात्र राहून गेली.

कारखान्यात यादी छापली, तर सगळे कामगार पहिल्या पाळीला! "मग दुसऱ्या पाळीला कोण, तुम्ही येणार?" सुपरवायझर म्हणाला. सरांचा चेहरा उतरला. तिने कोड उघडला, खोडलेली जागा पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून राहिलं, सर," ती म्हणाली आणि दहा मिनिटांत दुरुस्ती केली.

बाहेर बसची वाट पाहताना मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

एरवी पुस्तकी बोलणारी ती वाडीच्या बोलीत म्हणाली, "मी तुमाला नको हाय, ठाव हाय मला. पन कामानं काय केलंय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. त्यांनी ते काम पूर्ण तिच्याकडे दिलं. माझीच चूक होती, तरी लागलं मला ते.

पुढच्या वर्षी तिला पुण्यात नोकरी लागली. तिने सगळ्यांच्या आधी मला पेढा दिला. मी तो खाल्ला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी येऊन रडले. त्याच नोकरीसाठी मीही अर्ज केला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही.