तात्या पेंटरचा पांढरा

दुकानात शिरताना तात्या पेंटर आधी एक शिवी आत पाठवायचे आणि मग स्वतः यायचे. मालवणच्या बाजारात मी तेव्हा सुटे भाग जुळवून संगणक तयार करून द्यायचो. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवून घेणारे सगळे कुडाळच्या छपाईवाल्यांकडे पळाले होते. तात्या हार मानणारे नव्हते. "माका असलो कॉम्प्युटर जोडून दी मेल्या, की कुडाळच्या पोरांका कळूक व्हया रंग कशाक म्हणतत!"

गावच्या जत्रेच्या कमानीवर देवीचं भलंमोठं चित्र त्यांना लावायचं होतं. तेवढं चित्र उघडायचं म्हणजे रॅम भरपूर हवी, ग्राफिक्स कार्ड दणकट हवं, हार्ड डिस्क दोन हव्यात. सुरमईचे कल्ले उचकटून बघावेत तशी त्यांनी प्रत्येक वस्तू उलटीपालटी केली. गाडं अडलं ते मॉनिटरवर. मी तीन लावून दाखवले.

"ह्यो पांढरो? ह्यो तर हळदीचो!"

कोरा कागद पुढे करून मी म्हटलं, "ह्यो बाजूक धरून बघा. आणि तात्या, एकदा डोळे तपासून घ्या."

त्यांनी कागद चुरगळून फेकला. "माका नमुनो कित्याक? माझो जल्म रंगात गेलो. तुझ्या बापाशीन कधी घराक चुनो तरी लायल्यान? मेलो तां बरा झाला, झिलाची अक्कल बघूक रवलो नाय."

माझे वडील नुकतेच वारले होते आणि तात्या त्यांच्या तिरडीला खांदा देऊन गेले होते. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्या दिवसापासून रंगाबद्दल त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, असं मी ठरवलं. सगळ्यात जड मॉनिटर त्यांनी उचलला आणि त्याचा निळा रंग वाढवत नेला. पांढरा त्यांच्या मनासारखा झाला, तेव्हा बाकीच्यांना तो आभाळासारखा दिसत होता.

संगणक घरी बसवला तेव्हा शेजारच्या आबा गावकारांनी रीतीप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, कोणाची वाकडी नजर ह्या कामार पडली आसात, तर ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज तात्यांचाच होता.

फ्लेक्सचा छापून आलेला नमुना तात्यांना पिवळा दिसला, म्हणून पडद्यासारखाच निळा त्यांनी छपाईतही वाढवून घेतला. जत्रेला देवी कमानीवर चढली. रेघ अशी, की बघत राहावं. पण चेहरा निळा पडलेला. लोकांनी हात जोडले, एकमेकांकडे बघितलं आणि पुढे गेले. सांगणार कोण? आबांना तात्यांनी भर देवळात थेरडा म्हटलं होतं, पुजाऱ्याच्या मुलीचं मोडलेलं लग्न चारचौघांत चघळलं होतं. पुढच्या वर्षी काम गुपचूप कुडाळला गेलं. "गाव बेइमान," तात्या म्हणत राहिले.

मग एकदा पायरी चुकून ते पडले, आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू दाखवला. ऑपरेशन झाल्यावर त्यांना आणायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून वेंगुर्ल्याला मी गेलो. वाटेत आपल्या पांढऱ्या सदऱ्याची बाही ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे धरत होते. गावात शिरल्यावर म्हणाले, "देवळाकडे थांबव."

सभामंडपात आबा आणि चारपाच जण बसले होते. तात्यांनी अडगळीतला जुना फ्लेक्स मागवला, जमिनीवर उलगडला. बराच वेळ बघितला. किनाऱ्यावर वाहून आलेल्या बाईसारखी देवी पडली होती.

"ह्यां तुमका सगळ्यांका दिसत होता?"

आबांनी गाऱ्हाण्याचा सूर लावला, "व्हय म्हाराजा!"

सगळे हसले. मीही हसलो, पोटभर हसलो, आणि मला बरं वाटलं.

तात्या गुडघ्यांवर बसले. रुमालाचं टोक तांब्यात भिजवून देवीचा गाल पुसू लागले, जन्मभर पाटीवरचा ओला रंग पुसला तसा. फ्लेक्सचा रंग ओल्या फडक्याने जात नाही, हे सांगायलाही आमच्यातलं कुणी पुढे झालं नाही.